सात घाट आणि त्यांचे वडीलधारे

संस्थेचा इतिहास लिहायचा म्हटले की स्थापनेची तारीख, संस्थापकांचे छायाचित्र, पहिली कार्यकारिणी आणि नोंदणी क्रमांक यांच्यापासून सुरुवात करायची रीत आहे. वाईच्या कृष्णाकाठच्या घाटांची संस्था या चौकटीत बसत नाही. ती आधी चालू लागली आणि कागद मागाहून आले. १९५० साली सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थांचा कायदा झाला, धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब द्यायची पद्धत पडली. तोवर घाटावरच्या किती पिढ्या वर्गणी गोळा करून, पंगती उठवून, जमाखर्च पुढच्याच्या हाती देऊन निघून गेल्या होत्या.

भीमकुंड आळी, मधली आळी, धर्मपुरी, गणपती आळी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी आणि गंगापुरी असे हे सात घाट. प्रत्येकाची कृष्णाबाई, म्हणजे नदीदेवी, वेगळी, उत्सव वेगळा, दिवस वेगळे. माघात सुरू झालेली ही रांग सुमारे दोन महिने चालते. एका घाटाचा मांडव उतरतो तेव्हा दुसऱ्याची तयारी झालेली असते. या संस्थेबद्दल एक गोष्ट सहसा लिहिली जात नाही. ती म्हाताऱ्या माणसांसाठी कोणी काढली नाही, पण म्हाताऱ्या माणसांवाचून ती एकही वर्ष चालली नसती. नदीकाठी निवृत्त माणसांची वस्ती कशी असावी यावर आता जाहिराती येतात, चकचकीत पुस्तिका येतात. वाईने तो प्रश्न कधी विचारला नाही, उत्तर मात्र बरीच वर्षे चालवून दाखवले. हे उत्तर सर्वांसाठी नव्हते, तेही पुढे सांगितलेच पाहिजे.

उत्सवाच्या आरंभाची कथा अफझलखानाशी जोडलेली आहे. खान १६५९ साली वाईला आला. हा मुलूख त्याच्या ओळखीचा, पूर्वी येथे त्याची सुभेदारी होती. त्या धास्तीच्या दिवसांत शेंडे घराण्यातल्या शास्त्र्यांनी कृष्णामाईला नवस केला, शिवाजी महाराजांना यश आले की तुझा उत्सव करू, असे सांगतात. त्या वर्षी १० नोव्हेंबरला प्रतापगडाच्या पायथ्याशी जे घडले ते सर्वांना माहीत आहे. नवसाची कथा इतिहासाच्या कसोटीवर किती उतरते हे तज्ज्ञांनी पाहावे. घाटावर ती कसोटीला लावत नाहीत, उत्सवात ऐकवतात.

आज दिसणारी दगडी वाई मात्र अठराव्या शतकातली, आणि तिच्यावर रास्ते घराण्याचा हात जागोजागी दिसतो. काशीविश्वेश्वराचे देऊळ १७५७ चे, ढोल्या गणपतीचे १७६२ चे. या गणपतीच्या देवळाची मागची भिंत मुद्दाम पाहावी. प्रवाहाच्या अंगाला ती सपाट ठेवलेली नाही, निमुळती होत पुढे आली आहे, म्हणजे पुराचे पाणी तिच्यावर आदळण्याऐवजी दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जाते. ज्याने हे देऊळ बांधले त्याने नदी पुष्कळ वर्षे पाहिलेली असली पाहिजे, किंवा पाहिलेल्या म्हाताऱ्यांना विचारलेले असले पाहिजे. मला दुसरी शक्यता अधिक पटते.

कामातून मोकळे होऊन नदीकाठी राहायला जाणे ही त्या काळातल्या थोरामोठ्यांची रीतच होती. सर्वांत कडक उदाहरण रामशास्त्री प्रभुणे यांचे. ते साताऱ्याजवळच्या माहुलीचे, म्हणजे कृष्णा-वेण्णा संगमावरचे. नारायणराव पेशव्यांचा १७७३ साली खून झाला. राघोबादादांना तोंडावर दोषी ठरवून शास्त्रीबुवांनी पुणे सोडले आणि ते वाईजवळ पांडववाडीला येऊन राहिले. पुढे नाना फडणवीसांच्या कारभारात त्यांना परत बोलावून घ्यावे लागले. निवृत्त माणसाला पुन्हा कामावर बोलावण्याची वाईची खोड तेव्हापासूनची म्हणायला हरकत नाही. नाना स्वतः मात्र अशा विसाव्यापर्यंत पोहोचले नाहीत. वाईपासून जवळच मेणवलीला त्यांनी वाडा बांधला, अर्धचंद्राकार घाट बांधला, तिथल्या देवळात वसईच्या मोहिमेतली पोर्तुगीज घंटा टांगली आहे. एवढे करून १८०० साली मृत्यू आला तो पुण्यात, कारभाराच्या गराड्यात.

नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई वाईच्या रास्त्यांच्या लेक. उतारवयात त्या नाशिकजवळ गंगापूरला गोदावरीकाठी राहिल्या. दुसरे बाजीराव १८१८ साली राज्य सोडून वर्षाला आठ लाखांच्या नेमणुकीवर ब्रह्मावर्ताला गंगेकाठी गेले आणि १८५१ पर्यंत तिथे होते. मराठी इतिहासातले सर्वांत मोठे पेन्शनर म्हणजे तेच, आणि त्यांनीही घर पाण्याजवळच केले. सामान्य माणसाला काशीवास परवडत नसे. त्याला कृष्णा पुरे होती. दर बारा वर्षांनी गुरू कन्या राशीत आला की गंगा कृष्णेच्या भेटीला येते, ही श्रद्धा इथे पक्की आहे. २००४ सालचे कन्यागत आणि २०१६ सालचे कन्यागत पाहिलेली मंडळी घाटावर आहेत. वय सांगताना आपण किती कन्यागते पाहिली ते सांगणारेही आहेत. हा हिशेब वर्षांपेक्षा सोपा आणि जरा दिलासा देणारा.

इंग्रजी अमदानीत निवृत्तीला तारीख आली. पंचावन्न पुरी झाली की हातात नारळ, आणि दर महिन्याला मामलेदार कचेरीतल्या खजिन्यातून रक्कम. सातारा, वाई, सांगली इथे शिरस्तेदार, मास्तर, पोस्टमास्तर, ओव्हरसियर अशी माणसे नोकरी संपवून गावी परतू लागली. सातारा हे पेन्शनरांचे गाव अशी ओळख झाली ती यातूनच. या माणसांनी घाटाला जे दिले त्याचे मोल करायचे तर त्यांच्या मागच्या नोकऱ्या पाहाव्यात. उभा जन्म हिशेब लिहिलेल्या माणसाकडे उत्सवाची वही आली, शाळा चालवलेल्याकडे पंगतीची शिस्त, बांधकाम खात्यातल्याकडे मांडवाचे खांब. कचेरीतल्या सवयी घाटावर उतरल्या. चार आण्यांच्या वर्गणीला पावती द्यायची आणि तिचा स्थळप्रतीशी मेळ घालायचा, हा काटेकोरपणा भक्तीतून येत नाही, कारकुनीतून येतो.

आता प्रत्यक्ष उत्सव. बाहेरच्या पाहुण्याला रोषणाई दिसते, पालखी दिसते, रात्रीचा छबिना दिसतो, प्रसादाची गर्दी दिसते. यामागचे काम आधीच्या कित्येक आठवड्यांचे असते आणि त्यातले बहुतेक बसून करायचे असते, म्हणून ते वयस्कांच्या वाट्याला येते. कीर्तनकारांना पत्र कोणी घालायचे, गेल्या खेपेस कोणाचे कीर्तन लांबले आणि कोणाचे रंगले हे लक्षात कोणी ठेवायचे? गायनाच्या बैठकीला तंबोरे कुठून आणायचे? आचाऱ्याशी बोलणी करताना किती पानांना किती तूरडाळ लागते हा अंदाज कागदावर नसतो, एखाद्या आजोबांच्या डोक्यात असतो. थंडी असली की भात जास्त उठतो, कीर्तन उशिरा संपले की कमी, ही टिपणी त्यांच्याखेरीज कोणाकडे नसते. आचाऱ्याने शंभराच्या पटीत सांगितलेला आकडा हे आजोबा मान हलवून कमी करतात आणि आचारी ऐकतो.

मानपानाचा प्रकार याहून अवघड. पालखी कोणत्या दारापुढे थांबायची, पहिली आरती कोणाच्या घरची, कोणत्या घराण्याचा नारळ आधी, यावरून उत्सवात रुसवे होतात. तसे रुसवे काढायला लागणारे वजन तरुण कार्यकर्त्याकडे नसते. "अहो आबा, तुमच्या वडिलांच्या वेळी पालखी आधी आमच्याकडेच यायची, पण मी काही बोललो का?" असे म्हणायला समोरच्याचे वडील पाहिलेले असावे लागतात. घाटावर तंटे झाले नाहीत असे नाही. पुष्कळ झाले, आणि काही घरांत त्यापायी वर्षानुवर्षे बोलणे नव्हते. तरी पंगतीला दोघेही येत, शेजारी बसत नसत इतकेच.

स्त्रियांचा भाग इतिहासात नेहमी एका ओळीत उरकतात, "महिलांचे हळदीकुंकू मोठ्या प्रमाणावर झाले" अशा. वस्तुस्थिती अशी की देवी बाई, नदी बाई, तिचे नेसवणे, ओट्या, फुलांची सजावट, फराळाचे हे सगळे बायकांच्या हातचे. जुन्या काळी सोवळ्यातला स्वयंपाकही त्यांच्याच हातचा, आणि तो करणाऱ्यांत केशवपन केलेल्या विधवा पुष्कळ असत. ज्या बाईच्या हातचे पुरण देवीला चाले तिला हळदीकुंकवाला बोलावत नसत. पहाटे घाटावर स्नानाला येणाऱ्या आणि उजाडण्यापूर्वी परतणाऱ्या या बायका घाटाच्या खऱ्या रहिवासी होत्या, पण मान घेणाऱ्यांच्या यादीत त्यांची नावे नव्हती. गेल्या काही वर्षांत ठिकठिकाणी हळदीकुंकवातला हा भेद मोडण्याचे प्रयत्न झाले आहेत. घाटावर आज एकट्या राहणाऱ्यांत म्हाताऱ्या बायकाच अधिक आहेत, तेव्हा हा भेद ठेवला तर समारंभाला येईल तरी कोण, असाही व्यवहारी प्रश्न आहे.

आळ्यांच्या नावांतच दुसरी मर्यादा दिसते. ही ब्राह्मणवस्ती, आणि तिचा घाट तिचा. गावातल्या इतर जातींचे पाणवठे निराळे, आणि अस्पृश्य मानलेल्यांना तर या पायऱ्या दुरूनच. या व्यवस्थेवर ज्यांनी शास्त्राच्याच आधारे टीका केली ते बाहेरून आले नव्हते. प्राज्ञपाठशाळेचे नारायणशास्त्री मराठे आणि त्यांच्याकडे कोवळ्या वयात शिकायला आलेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी याच घाटाच्या परिसरातले. महात्मा गांधी येरवड्यात असताना अस्पृश्यतानिवारणाच्या वादात शास्त्राची बाजू मांडायला तर्कतीर्थ उभे राहिले. सनातन्यांना वाईहून आलेला हा विरोध अधिक झोंबला असणार.

तर्कतीर्थांचा उल्लेख इथे दुसऱ्या कारणासाठीही हवा. मराठी विश्वकोशाचे मुख्य कार्यालय वाईत आले ते त्यांच्यामुळे. पहिला खंड १९७६ साली निघाला तेव्हा त्यांचे वय पंचाहत्तर होते. १९९४ साली, त्र्याण्णव वर्षांचे असताना, ते गेले, आणि तोवर प्रमुख संपादकपदावर होते. त्यांच्यानंतर ती जबाबदारी मे. पुं. रेगे यांनी घेतली. मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयाचे प्राचार्यपद भूषवून झाल्यावर त्यांनी हे काम केले आणि 'नवभारत' मासिकाचेही केले. म्हणजे राज्याचा एवढा मोठा ज्ञानप्रकल्प ज्या वयात माणसे नातवंडांना शाळेत सोडायला जातात त्या वयातल्या माणसांनी तालुक्याच्या गावात, नदीच्या काठी बसून ओढला. सरकारी नियमातली निवृत्ती इथे फारशी कोणी मनावर घेतलेली दिसत नाही.

पण पेन्शन सर्वांना नव्हती. वाई, जावळी, पाटण या भागांतली हजारो माणसे मुंबईच्या गिरण्यांत होती, माथाडी होती. माथाडींचे पुढारी अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातलेच. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि त्यानंतर पुष्कळ चाकरमानी पन्नाशीच्या आत गावी परतले, नारळही न मिळता. यांना वाड्यातली ओटी नव्हती, खजिन्यातली रक्कम नव्हती. भविष्यनिर्वाह निधीच्या निवृत्तिवेतन योजनेत जे बसले त्यांची किमान रक्कम २०१४ साली महिन्याला एक हजार ठरली, त्या हजाराचे काय करायचे हे ठरवणाऱ्यांनीच सांगावे. आपापल्या वाडीत या माणसांनी भजनी मंडळे चालवली, यात्रा उचलल्या, मुंबईच्या मंडळाकडून देवळासाठी पैसे आणले. वाईच्या घाटाचा इतिहास लिहिताना त्यांना वगळले तर नदीकाठचे म्हातारपण म्हणजे फक्त पेन्शनरांचे म्हातारपण असा समज होईल. उत्सवाच्या प्रसादाला आज सगळ्या वस्त्यांतले लोक येतात. वाढप्यांत आणि मांडव घालणाऱ्यांत या घरांतली मुले असतात. कारभाराच्या बैठकीत ती किती दिसतात हा प्रश्न प्रत्येक घाटाने स्वतःला विचारावा.

पाण्याचेही सांगितले पाहिजे, कारण सगळी वस्ती त्याच्या भरवशावर आहे. वाईच्या वर धोम धरण झाले, साठा साडेतेरा टीएमसी. त्याआधीची नदी आणि नंतरची नदी निराळी. पूर्वी महाबळेश्वराकडे ढग कसे भरले आहेत ते पाहून रात्री पाणी कितव्या पायरीला लागेल हे सांगणारी माणसे होती. आता पाणी दरवाजांवर अवलंबून असते आणि सूचना मोबाइलवर येते. उन्हाळ्यात पात्रात जलपर्णी साचते, सांडपाणी मिसळते, आणि तीर्थ म्हणून ओंजळीत घेतलेले पाणी लोक तोंडाला न लावता डोळ्यांना लावतात. म्हाताऱ्यांच्या नदीज्ञानाची किंमत उतरली ती अशी.

त्या ज्ञानाची दुसरी बाजू खाली सांगलीत दिसली. तिथेही गावभागात, नदीच्या अंगाला, जुन्या घरांत वयस्क माणसे राहतात. २००५ च्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी सुमारे ५४ फुटांपर्यंत गेले होते. ज्यांच्या उंबऱ्यापर्यंत तेव्हा पाणी आले नव्हते त्यांनी ती खूण मनाशी धरली. ऑगस्ट २०१९ मध्ये घर सोडा म्हणून सांगायला लोक आले तेव्हा "पाच सालीसुद्धा इथे आलं नव्हतं" असे म्हणत पुष्कळ जण थांबले. पाणी ५७ फुटांच्या वर गेले. माळ्यावर, गच्चीवर अडकलेल्या आजी-आजोबांना होडीतून काढावे लागले. अनुभव हाच आधार मानणाऱ्या पिढीला अनुभवानेच अडकवले. घाटाचा इतिहास लिहिणाऱ्याने हे टाळू नये, नाहीतर वडीलधाऱ्यांचे सगळेच बरोबर असा सूर लागतो.

आजची स्थिती थोडक्यात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीपुढची माणसे ९.९ टक्के होती. वाईच्या आळ्यांत फिरणाऱ्याला हे प्रमाण फारच कमी वाटेल. मुले पुण्यात, त्यांची मुले त्याहून लांब, आणि बारा खणांच्या वाड्यात दोघे किंवा एकच. नोव्हेंबर आला की बँकेत हयातीच्या दाखल्यासाठी रांग लागते. भांडी घासून आणि सहाणेवर गंध उगाळून बोटांच्या रेषा झिजलेल्या, त्यामुळे यंत्राला अंगठा पटत नाही आणि समोर उभ्या असलेल्या माणसाला आपण जिवंत आहोत हे तीन तीनदा सिद्ध करावे लागते. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट झाली. त्याचा परिणाम चांगला झाला, नरसोबाची वाडी, माहुली, औदुंबर अशा वाऱ्या वाढल्या. पुण्यात 'अथश्री'सारख्या खास ज्येष्ठांच्या वसाहती निघाल्या आहेत. तिथे उद्वाहक आहे, डॉक्टर आहे, रात्री हाक मारली तर कोणी येते. घाटावर यातले काही नाही, हे मान्य करायला लाजू नये. घाटावर काम आहे. ऐंशी वर्षांच्या माणसाला माघ जवळ आला की कोणीतरी विचारायला येते, हे ज्या वसाहतीत नसेल तिथे नुसत्या सोयींवर वेळ जात नाही. पण काम आहे म्हणून सोयी नकोत, हा युक्तिवाद मला कधी पटलेला नाही. घाटाच्या पायऱ्यांना धरायला कठडा नाही. पुरातन देखाव्याला तो शोभणार नाही असे म्हणणारे बहुतेक पंचेचाळिशीच्या आतले असतात.

खरी अडचण पुढची आहे. पालखीला खांदे मिळतात, पुण्याहून मुले एका दिवसासाठी येतात, वर्गणी मोबाइलवरून जमा होते आणि पहिल्यापेक्षा जास्त होते. बसून करायचे काम शिकून घ्यायला मात्र कोणी थांबत नाही. कोणत्या घराचा मान केव्हापासूनचा, डाळीचा अंदाज कसा बांधायचा, समया कोणाच्या माळ्यावर ठेवल्या आहेत, बंद पडलेल्या वाड्याची किल्ली कोणाकडे आहे, देणगी देणाऱ्या कोणत्या घराला पावतीवर नाव नको असते, हे अजून माणसांजवळ आहे, कागदावर नाही. सातही घाटांनी आपापल्या वडीलधाऱ्यांसमोर एकेका तरुणाला वही घेऊन बसवावे आणि हे उतरवून घ्यावे. या स्मरणिकेत ते यायला हवे होते, पण तेवढे हाती आले नाही. पुढच्या माघाच्या आधी निदान डाळीचा आणि किल्ल्यांचा भाग तरी लिहून व्हावा.